आधी पाणी घालवा, मग पाणी घाला

कामाच्या दिवशी रात्री अर्ध्या तासात होणारा चिकनचा एक प्रकार फ्रेंच आणि अमेरिकी घरांत सर्रास केला जातो. जड बुडाच्या पॅनमध्ये थोड्या तेलावर चिकनचे सपाट तुकडे दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे आणि काढून ठेवायचे. पॅनच्या तळाला जी तपकिरी खरवड धरलेली असते तिच्यावर स्टॉक (हाडं शिजवून काढलेलं पाणी), वाइन किंवा नुसतं पाणी ओतून ती सोडवायची. ते आटवून शेवटी थोडं लोणी घोटलं, की चिकनवर घालायला अंगाबरोबर सॉस तयार. वाटण नाही, फोडणी नाही. मीठ, मिरी, फार तर लसणाची एखादी पाकळी.

इतक्या तुटपुंज्या सामानातून एवढी चव येते ती त्या खरवडीतून. आणि खरवड नीट धरणार की चिकन पांढुरकं उकडून निघणार, हे ठरतं पाण्यावर. या पदार्थात पाणी कधी घालवायचं आणि कधी घालायचं एवढं कळलं, की उरलेली कृती पाठ करावी लागत नाही.

चिकन ब्रेस्टमध्ये साधारण पाऊण भाग पाणीच असतं. तुकड्याचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जात नाही, मग खालचा पॅन कितीही तापलेला असो. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो, ती मात्र साधारण १४० अंशांच्या पुढेच झपाट्याने चालते. म्हणजे पृष्ठभाग कोरडा होईपर्यंत भाजण्याला सुरुवातच झालेली नसते. पॅनमध्ये आवाज आणि वाफ भरपूर असते, पण ते उकडणंच असतं.

या क्रियेचा पहिला शोधनिबंध लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचा स्वयंपाकाशी काही संबंध नव्हता. शर्करा आणि अमिनो आम्लं (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) एकत्र तापवली की मिश्रण तपकिरी होतं, हे त्याने नोंदवलं. त्यातली पायरीपायरीची रसायनशास्त्रीय उकल पुढे १९५३ मध्ये जॉन हॉज या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मांडली, आणि आजही अन्नशास्त्राचे विद्यार्थी तोच आराखडा शिकतात. चिकनमध्ये साखर कुठली, असं वाटेल. पण स्नायूंच्या पेशींतले ऊर्जावाहक रेणू मोडले की त्यातून रायबोज नावाची शर्करा सुटते. ती गंधकयुक्त अमिनो आम्लांशी भिडली की मांसाचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यातले काही रेणू तयार होतात, आणि त्यांची अगदी कणभर मात्राही नाकाला पुरते. चरबी तापल्यावर जे रेणू सुटतात ते या वासाला खास कोंबडीचा करतात. म्हणून त्वचेसकट भाजलेल्या चिकनची खरवड जास्त वासाची.

आता पाणी घालवण्याचा हिशेब करून पाहू. एक ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ७५ कॅलरी लागतात, आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. खरा खर्च वाफेचा आहे. समजा, चिकनच्या तुकड्यांवर दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम पाणी राहिलं आहे. दोन किलो वजनाच्या बिडाच्या पॅनमध्ये साठलेल्या उष्णतेतूनच ते उडवायचं ठरवलं, तर पॅन सुमारे २८ अंशांनी थंड होतो. ७०० ग्रॅमचा अॅल्युमिनियमचा पॅन असेल तर ४० अंशांहून जास्त. खालून गॅस चालू असतो, त्यामुळे प्रत्यक्षात घसरण इतकी होत नाही. तरी दोन चमच्यांत एवढं, मग पॅनमध्ये दाटीवाटीने सहा तुकडे टाकले आणि प्रत्येकाला पाणी सुटलं तर काय होईल ते दिसतंच. गॅस पुरा पडत नाही, तळाशी पाणी साचतं आणि चिकन त्यात शिजत राहतं. तुकड्यांमध्ये दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर दोन घाण्यांत भाजा.

त्यामुळे या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची वस्तू माझ्या मते टिश्यू पेपर आहे. चिकन चारी बाजूंनी टिपून कोरडं करायचं. वेळ असेल तर सकाळीच मीठ लावून, न झाकता, फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ताटलीत ठेवायचं, म्हणजे खाली काही ठिबकणार नाही. मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग ते खारं पाणी हळूहळू परत आत मुरतं, मिठामुळे काही प्रथिनं सैल होतात आणि शिजताना पाणी जास्त धरून ठेवतात. वरचा थर फ्रिजच्या कोरड्या हवेत सुकतो. अर्ध्या किलोला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट लहान चमचाभर मीठ पुरतं. वेळ नसेल तर मीठ अगदी पॅनमध्ये टाकायच्या क्षणी लावा. दहा-पंधरा मिनिटं आधी लावलेलं मीठ सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं.

चिकन धुण्याबद्दल इथेच बोलायला हवं. आपल्याकडे न धुता चिकन शिजवायचं म्हटलं की भुवया उंचावतात. पण अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या एका अभ्यासात चिकन धुणाऱ्यांपैकी ६० टक्के लोकांच्या सिंकमध्ये नंतर जिवाणू सापडले, आणि २६ टक्क्यांच्या बाबतीत ते शेजारच्या सॅलडपर्यंत पोहोचले. चिकनवरचे जिवाणू आचेवर मरतात, काकडीवर उडालेले मरत नाहीत. दुकानातून रक्त-पिसं लागलेलं चिकन आलं आणि धुवावंच लागलं, तर धो धो नळाखाली नको. पातेल्यात अलगद बुडवून काढा, सिंक साबणाने घासा आणि मग चिकन नीट टिपा.

दह्यात मुरवलेलं चिकन आपण तव्यावर भाजायला जातो तेव्हा रंग लवकर का येत नाही, याचंही उत्तर यातच आहे. एक तर दह्याचं पाणी. दुसरं म्हणजे आंबटपणा: आम्लामुळे अमिनो आम्लांचा जो भाग शर्करेशी जोडला जायचा तोच अडकून पडतो आणि मायारची क्रिया मंदावते. तंदूरच्या भट्टीची आच इतकी प्रखर असते की तिथे हे चालून जातं. घरच्या गॅसवर नाही. दही आवडत असेल तर ते शेवटी सॉसमध्ये घाला. (हळदीमुळे आणखी एक गंमत होते. सगळंच पिवळं असल्याने खरंच भाजलं गेलं आहे की नाही, ते डोळ्यांना समजत नाही.)

पॅन कोणता? नॉनस्टिकवर चिकन उत्तम शिजतं, पण खरवड धरत नाही. तो बनवलाच त्यासाठी आहे. शिवाय तो लेप २६० अंशांपुढे खराब व्हायला लागतो. स्टील किंवा बीड हवं. बीड उष्णता वाहून नेण्यात अॅल्युमिनियमच्या जेमतेम पाव पट आहे, म्हणून ते मोठ्या आचेवर घाईने तापवलं तर मधोमध जळतं आणि कडेला गार राहतं. मध्यम आचेवर पाच मिनिटं द्या. तेल घालण्याआधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहा. तो चर्र करून उडून गेला तर पॅन अजून पुरेसा तापलेला नाही. मोत्यासारखा गोल होऊन घरंगळत राहिला, तर पॅन २०० अंशांच्या आसपास पोहोचला. थेंबाच्या खालचा थर वाफ होऊन त्यालाच उचलून धरतो, त्यामुळे उष्णता त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याने १७५६ मध्ये हे सविस्तर लिहून ठेवलं. तेल घातल्यावर मात्र हा प्रयोग करू नका. रिफाइंड शेंगदाणा तेल किंवा तूप ही आच सोसतं. लोण्यातले दुधाचे घटक इथे करपतात, त्याची वेळ नंतर येते.

चिकन टाकल्यावर पहिली काही मिनिटं हलवू नका. कच्ची ओली प्रथिनं तापलेल्या धातूला धरतात, आणि तेव्हा ओढलं तर मांस फाटतं. वरचा थर सुकून भाजला की तुकडा बहुधा आपणहून सुटतो. कान देऊन ऐका: सुरुवातीचा जोरदार ओला चर्रर आवाज हळूहळू बारीक, तडतडता होत जातो, कारण वाफ व्हायला पृष्ठभागावर पाणी कमी कमी उरतं.

भाजल्याने रस आत कोंडला जातो, हा समज एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग या नामवंत जर्मन रसायनशास्त्रज्ञापर्यंत मागे जातो. १९३०च्या दशकात वजनं करून पाहिली गेली आणि तो टिकला नाही. भाजलेल्या मांसातूनही तेवढंच पाणी जातं, कधी थोडं जास्तच. तसंही तो चर्र आवाज म्हणजे निसटणारं पाणीच आहे, ते कोंडलं गेलं असतं तर आवाज थांबला असता. भाजायचं ते चवीसाठी.

आतलं पाणी टिकतं ते तापमानावर नजर ठेवल्याने. ५० अंशांच्या आसपास मायोसिन हे स्नायूंतलं प्रथिन आखडायला लागतं, मांस पांढरं आणि घट्ट होतं. ६६ अंशांच्या पुढे अॅक्टिन हे स्नायूंतलं दुसरं प्रथिनही आखडतं, तंतू आवळतात आणि पाणी पिळून बाहेर पडतं. तिथून पुढचा प्रत्येक अंश ब्रेस्टला चोथ्याकडे नेतो. अमेरिकी सरकारी नियम ७४ अंशांचा आहे, कारण त्या तापमानाला साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू क्षणात मरतो. ६५-६६ अंशांना तो मरायला काही मिनिटं लागतात, पण मरतो. मी स्वतः ७० अंशांना तुकडा उतरवतो, त्याची आतली उष्णता त्याला पुढे दोन-तीन अंश आणखी नेते. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर सरळ ७४ गाठा. टोचायचा थर्मामीटर हा चैनीचा खर्च नाही, सुरीने चिरून ‘आत गुलाबी आहे का’ बघण्यापेक्षा तो कितीतरी भरवशाचा. मांडीच्या तुकड्यांना हे नियम लागू नाहीत. त्यांत कोलॅजेन हे चिवट प्रथिन जास्त, ते विरघळायला ८० अंश आणि थोडा वेळ मिळाला तर ती उलट मऊ होतात. घाईच्या रात्री चूक पोटात घालणारं मांस हवं असेल तर ब्रेस्ट सोडा आणि हाडं काढलेल्या मांड्या आणा.

ब्रेस्टच घ्यायचं तर जाडी सारखी करा. उष्णतेला आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन सेंटिमीटरच्या तुकड्याच्या तुलनेत तीन सेंटिमीटरचा दीडपट नव्हे, सुमारे सव्वादोन पट वेळ घेतो. एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला निमुळता तुकडा कधीच एका वेळी शिजणार नाही. आडवा चिरून दोन पातळ काप करा किंवा प्लास्टिकखाली ठेवून लाटण्याने ठोका.

चिकन ताटलीत विसावलं की खरवडीची वेळ. ती गडद तपकिरी असायला हवी. काळी झाली असेल तर पॅन धुऊन टाका, कारण तो कडवटपणा कशानेही जाणार नाही. जास्तीचं तेल काढा, बारीक कांदा-लसूण अर्धा मिनिट परता, आणि ओता पाणी. मघाचाच हिशेब इथे उलटा कामाला येतो: २०० अंशांच्या दोन किलो बिडात एवढी उष्णता असते, की गॅस बंद ठेवूनही अर्धा कप, म्हणजे १२० मिली पाणी उकळीला येऊन वर २०-२५ मिली वाफ होऊन उडेल. हे उसळतं पाणी आणि लाकडी उलथनं मिळून तळ साफ करतात. खरवडीतले क्षार, प्रथिनं आणि रंगीत रेणू बरेचसे पाण्यात विरघळणारे आहेत, म्हणून तेलाने ती सुटत नाही आणि पाण्याने सुटते. वाइन घातलीत तर ‘दारू सगळी उडून जाते’ यावर भिस्त ठेवू नका. पंधरा मिनिटं उकळूनही सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, असे आकडे अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात आहेत. न घेणाऱ्यांसाठी पाण्यात लिंबू पिळलं की काम भागतं.

पाण्याऐवजी स्टॉक असेल तर उत्तम, पण तो खराखुरा हवा. कोंबडीची हाडं कुकरमध्ये साधारण १२० अंशांना पाऊण तास शिजवली की कोलॅजेनचं जिलेटिन होतं. पाया सूप ओठांना चिकटतं ते त्याच्यामुळेच. सॉस आटत जातो तसं हे जिलेटिन त्याला अंग देतं, पीठ लावावं लागत नाही. बाजारातल्या स्टॉकच्या वड्यांत ते नसतं, मीठ मात्र रग्गड असतं. आणि एक कप द्रव तिसऱ्या हिश्शापर्यंत आटवला की मिठाची तीव्रता तिप्पट होते. चवीचं मीठ आटल्यानंतरच.

शेवटी लोणी. सॉस चमच्याच्या पाठीला धरायला लागला की गॅस बंद करून फ्रिजमधल्या लोण्याचे तुकडे एकेक करून घोटायचे. लोणी म्हणजे किमान ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांपर्यंत पाणी, सोबत थोडी दुधाची प्रथिनं आणि फॉस्फोलिपिडं, म्हणजे पाणी आणि स्निग्धांश दोन्हींना धरणारे रेणू. थंड लोणी सावकाश वितळतं, त्यामुळे स्निग्धांशाचे बारीक थेंब सुटे सुटे पसरायला वेळ मिळतो आणि ही प्रथिनं, फॉस्फोलिपिडं आणि जिलेटिन त्यांना परत एकत्र येऊ देत नाहीत. सॉस दाट आणि तुकतुकीत होतो. खरवडीतले जे सुगंधी रेणू पाण्यात रमत नाहीत ते या लोण्यात उतरतात. आता पुन्हा उकळी आली किंवा पाणी फार आटलं, तर थेंब एकमेकांत मिसळतात आणि वर तेलाचा तवंग येतो. अशा वेळी बरेच जण आणखी लोणी घालतात, त्याने बिघडतंच. चमचा-दोन चमचे गरम पाणी घालून जोरात घोटलं की बहुतेक वेळा सॉस पुन्हा जमून येतो.

ताटलीत चिकनभोवती साचलेला रसही यात ओता, त्यातही जिलेटिन आहे. लिंबाचे थेंब टाका आणि सॉस लगेच चिकनवर काढून घ्या. बिडाच्या पॅनमध्ये आंबट पदार्थ पाच मिनिटं चालतो, पण जेवण होईपर्यंत तसाच ठेवला तर तेलाचा मुरलेला थर सुटतो आणि सॉसला लोखंडाची चव लागते.