उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती (गोवा)

गोव्याला स्वतःचे उच्च न्यायालय नाही. मुंबई उच्च न्यायालयाचेच न्यायमूर्ती येथे पाळीपाळीने बसतात. कोणी कुठे बसायचे हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. ‘गोवा खंडपीठ’ हा रूढ शब्द जरा फसवा आहे. मराठीत दोन न्यायमूर्तींच्या पीठालाही खंडपीठच म्हणतात, त्यामुळे एकट्या न्यायमूर्तींपुढचे प्रकरणही बातमीत ‘खंडपीठापुढे’ जाते.

पोर्तुगिजांनी १५४४ मध्ये स्थापलेले ‘रेलासांव’ हे वरिष्ठ न्यायालय मुक्तीनंतर बंद होऊन १९६३ मध्ये ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट आले. ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबईचा अधिकार सुरू झाला. पणजीतला मुक्काम २०२१ मध्ये पर्वरीच्या नव्या इमारतीत हलला.

नागपूर-मुंबईकडून आलेल्या न्यायमूर्तींना येथे कायदा काही अंशी नव्याने शिकावा लागतो. समजा, अपिलात एक विक्रीखत आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर, सही त्याचीच, पैसे चुकते झालेले. घाटावर प्रश्न तिथेच मिटला असता. येथे पहिला प्रश्न येतो, बायकोची सही कुठे आहे? १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कुटुंब कायद्यात वेगळा करार नसेल तर लग्नानंतर मालमत्ता दोघांची समाईक होते. मुले असली तर मृत्युपत्रानेही निम्म्याहून अधिक मालमत्ता मनाप्रमाणे देता येत नाही. वारसाहक्काचा हा भाग आता २०१२ च्या गोवा कायद्यात आहे. शिवाय कोमुनिदाद (गावाची सामाईक जमीन सांभाळणारी गावकऱ्यांची संस्था), मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) आणि देवळांच्या महाजनांचे (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांचे) तंटे आहेतच.

नेमणुकीसाठी निदान दहा वर्षे उच्च न्यायालयातील वकिली किंवा न्यायिक पद लागते. कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींचे मंडळ, नावे सुचवते. बहुतेकांची सुरुवात अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणून होते. ती मुदत फार तर दोन वर्षांची. निवृत्ती ६२ व्या वर्षी. जिल्हा न्यायालयातून पायऱ्या चढत येणाऱ्यांच्या वाट्याला म्हणूनच थोडी वर्षे येतात. मुख्य न्यायमूर्तिपद बहुधा परराज्यात मिळते: गोव्याचे गुरुदास कामत गुजरातेत गेले, तर एकेकाळी जनता पक्षाचे आमदार असलेले फेर्दिनो रिबेलो अलाहाबादेत.

निवृत्तीनंतर कायम न्यायमूर्तींना सर्वोच्च न्यायालयात आणि इतर उच्च न्यायालयांतच वकिली करता येते. म्हणजे गोव्यातला वकील न्यायमूर्ती झाला की पुढे म्हापशाच्या दिवाणी कोर्टातही त्याला वकीलपत्र घेता येत नाही.