तिसरा 'त' कुठे गेला : नॉर्वेजियन समासांची पार्श्वभूमी

जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे नॉर्वेजियनच्या पूर्वज भाषेत, एकाक्षरी आणि अनेकाक्षरी शब्दांचे सूर (उच्चारातले आवाजाचे चढउतार) वेगळे होते. आजच्या नॉर्वेजियनमधले दोन सूर तिथूनच आले असे मानतात. बर्गन शहराच्या उत्तरेचा काही पट्टा आणि अगदी उत्तरेकडचा बराच भाग सोडला, तर ते देशभर ऐकू येतात. समासात मुख्य आघात बहुधा पूर्वपदावर पडतो, उत्तरपदावर दुय्यम. त्यामुळे कानाला दोन पदांचा सांधा लगेच कळतो. घोळ आहे तो लेखनात : सांध्यावर तीन सारखी व्यंजने जमली की एक गाळतात. आणि हा घोळ तसा अलीकडचाच.

1814 मध्ये डेन्मार्कपासून वेगळे झाल्यावरही नॉर्वेत लिहीत ती डॅनिशच. डॅनिशमध्ये रात्रीला 'नात', शेवटी एकच त. त्याला 'तोग' म्हणजे आगगाडी जोडली की दोन त होतात, प्रश्नच येत नाही. पुढे 1907 आणि 1917 च्या सुधारणांनी लेखन बोलण्याच्या जवळ आणले. ऱ्हस्व स्वरानंतर शब्दाच्या शेवटचे व्यंजन दोनदा लिहायची रीत रुजली आणि रात्र 'नात्त' झाली. आता रात्रीच्या गाडीत तीन त जमतात. नियम सांगतो, एक गाळा. बुकमोल आणि नीनोर्स्क या नॉर्वेजियनच्या दोन लेखी रूपांत, दोन्हींत हेच. पुढे व्यंजन आले तरी सुटका नाही : 'त्राफिक्क' आणि 'क्नुतेपुंक्त' (गाठीची जागा) मिळून वाहतुकीच्या मोठ्या जंक्शनला जो शब्द होतो, त्यातही तीनऐवजी दोनच क.

मात्र ओळीच्या शेवटी शब्द तुटला की गाळलेले अक्षर परत येते : 'नात्त-तोग'. साध्या शब्दात एक व्यंजन खालच्या ओळीत न्यायचे, समास मात्र सांध्यावरच तोडायचा, म्हणून ही तडजोड. एकाच शब्दाचे लेखन तो पानावर कुठे पडतो यावर ठरावे, हे मला पटत नाही. उच्चारात दोन्ही पदे शाबूत असतात, लेखनात सांधाच झाकला जातो. जर्मनमध्येही स्वरापुढे असेच गाळत. 1996 च्या सुधारणेने तिथे तिन्ही व्यंजने परत आणली. नॉर्वेजियनने तसे केलेले नाही.

दरम्यान नॉर्वेत समासांच्या लेखनावरचा वाद वेगळ्याच टोकाला गेला आहे : समास तोडून लिहिण्याची सवय. इंग्रजीचा प्रभाव आहेच, शिवाय लांब समास दिसला की संगणकातले शुद्धलेखन-तपासक त्याखाली लाल रेघ ओढतात. 'लाम्मेलोर' एकत्र लिहिले तर कोकराच्या मांडीचे मटण, तोडले तर लुळ्या मांड्या. बोलताना ही गल्लत होत नाही : मटणाच्या शब्दात मुख्य आघात एक, लुळ्या मांड्यांत दोन.