स्वतःच्या कंपनीतून पगार घेताना

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचं खातं आणि तुमचं खातं ही कायद्याने दोन वेगळ्या व्यक्तींची खाती आहेत; सगळे शेअर घरातच असले तरी. घरच्या किराण्याचे पैसे कंपनीच्या खात्यातून गेले की हिशेबात ती संचालकाने घेतलेली उचल ठरते. संचालकाला कर्ज द्यायला कंपनी कायद्याच्या कलम 185 ची आडकाठी आहे. शिवाय तुमचे मतहक्क 10 टक्के किंवा जास्त असतील, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती उचल आयकरात लाभांश (भागधारकाला वाटलेला नफा) धरली जाते. पुढच्या महिन्यात परत भरली तरी.

पगाराचं गणित सरळ आहे. (आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, नवी करप्रणाली, दुसरं उत्पन्न नाही असं धरून.) पगारापूर्वीचा नफा 18 लाख आणि कंपनीचा आयकर दर 25.168 टक्के. महिना 1 लाख पगार घेतलात तर 12 लाख कंपनीचा खर्च होतो. कंपनीला उरलेल्या 6 लाखांवर 1,51,008 रुपये कर, तुम्हाला शून्य. कारण 75,000 ची प्रमाणित वजावट धरून 12.75 लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. तेच 12 लाख लाभांश म्हणून घेतलेत तर कंपनीला आधी पूर्ण 18 लाखांवर 4,53,024 रुपये भरावे लागतात. फरक 3,02,016 रुपयांचा.

आधी संचालक मंडळाचा ठराव, मग कामाचं स्वरूप आणि रक्कम लिहिलेलं नेमणूकपत्र, मग दरमहा बँकेतून पगार. हा क्रम उलटा करू नका. वर्षभर काहीच न घेता मार्चएंडला एका नोंदीत बारा महिन्यांचा पगार दाखवायची सवय आम्हाला बऱ्याच कंपन्यांत दिसते. तपासणीत पहिला प्रश्न तिथेच येतो.

महाराष्ट्रात 10,000 च्या वर पगार असेल तर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर कापायचा. स्त्रियांना 25,000 पर्यंत माफी. कंपनीचा स्वतःचा वर्षाला 2,500 रुपये व्यवसाय कर वेगळा.

आयकर लागत असेल तर टीडीएस (पैसे देतानाच कापलेला आयकर) पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा, मार्चचा 30 एप्रिलपर्यंत. 30 जूनला कापलेला 8 जुलैला भरलात तर व्याज एका दिवसाचं नाही, जून आणि जुलै अशा दोन महिन्यांचं लागतं: 3 टक्के. तिमाही विवरणपत्राला उशीर झाला तर रोज 200 रुपये.

पगाराऐवजी ‘प्रोफेशनल फी’ नाव दिलंत तर 10 टक्के टीडीएस तर आहेच, शिवाय रिव्हर्स चार्जने (म्हणजे कर सेवा घेणाऱ्याने भरायचा) 18 टक्के जीएसटी कंपनीच्या माथी येतो. पगारावर जीएसटी नाही.

पत्नीला पगारावर घ्यायचं असेल तर आधी आमच्याशी बोला. तुमचा हिस्सा 20 टक्के किंवा जास्त आहे आणि तिचा पगार तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रतेवर मिळालेला नाही, असं असेल तर तो तुमच्याच उत्पन्नात मिळवला जातो.