आपत्तीनंतरची सुव्यवस्था

भूकंप, महापूर, दरड कोसळणे अशा नैसर्गिक आपत्तींनंतर समाजातील शिस्त, गुन्हेगारी आणि लोकांचा एकमेकांवरचा व शासनावरचा विश्वास यांचे काय होते, याचा विचार करणारा हा विषय आहे. आपत्ती आली की जो तो लुटालूट करतो, हा समज जगभर पसरलेला असला तरी अभ्यासाने त्याला फारसा दुजोरा दिलेला नाही. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात 1963 मध्ये आपत्ती संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील एन्रिको क्वारांटेली, रसेल डाइन्स आदी संशोधकांना लूट विरळा आणि परस्पर मदत सर्रास आढळली. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे जुलै 2021 मध्ये दरडी कोसळल्या, तेव्हाही पहिले धावले ते आसपासचे लोकच.

लूट विरळा असली, तरी चोरीची धास्ती खरी असते आणि ती जिवावर बेतू शकते. सांगलीत कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी 40 फुटांवर गेले की इशारा पातळी आणि 45 फुटांवर धोका पातळी मानतात. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या भागांत पाणी आधी शिरते. घर सोडण्याच्या सूचना होतात, बायका-मुले नातेवाइकांकडे जातात, पण कर्ता माणूस पुष्कळदा माडीवर मागे राहतो. कुलूप फोडून कोणी किडूकमिडूक नेईल ही भीती, गोठ्यातली जनावरे आणि ‘2005 ला इथपर्यंतच आलं होतं’ हा हिशेब त्याला धरून ठेवतो. ऑगस्ट 2019 मध्ये तो हिशेब कोलमडला आणि पाणी 57 फुटांच्या वर गेले. त्याच पुरात 8 ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटून 17 जणांचा बळी गेला. रिकाम्या वस्तीवर पोलिसांची नजर आहे आणि जनावरांसाठी छावणी तयार आहे, याची आधीच खात्री पटलेली असेल, तर माणसे वेळेत बाहेर पडतात. त्यामुळे घरांची राखण हाही बचावकार्याचाच भाग धरायला हवा.

पूर ओसरल्यावर चिखल काढण्यासाठी सगळा संसार रस्त्यावर येतो. भिजलेल्या गाद्या, फुगलेली कपाटे, दप्तरे, कागदपत्रे उघड्यावर पडलेली असतात. अशा वेळी गल्लीतल्या मंडळाची पोरे रात्रीची गस्त घालतात. या गस्तीचा आधार मोठा असतो, पण तिच्यात एक धोकाही आहे. ‘बाहेरचा’ कोण, हे ठरवण्याचा अधिकार जमावाच्या हाती जातो. 1 सप्टेंबर 1923 च्या कांतो भूकंपानंतर जपानमध्ये कोरियन लोक विहिरींत विष कालवत असल्याची आवई उठली. नागरिकांची गस्तीपथके, पोलीस आणि सैनिकांनी मिळून हजारो कोरियनांची कत्तल केली. त्याच जपानमध्ये 2011 च्या त्सुनामीनंतर वाहून गेलेल्या हजारो तिजोऱ्या लोकांनी पोलिसांकडे आणून दिल्या आणि त्यांतील बहुतेक पैसा मूळ मालकांना परत मिळाला. जपानी माणूस मुळातच शिस्तीचा, हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे आहे.

अमेरिकेत 2005 च्या कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लीन्समधील खून-बलात्काराच्या अनेक बातम्या पुढे निराधार किंवा अतिरंजित ठरल्या. मात्र शहर हाताबाहेर गेल्याच्या त्या वातावरणातच 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर पोलिसांनी निःशस्त्र नागरिकांवर गोळीबार केला आणि त्यात दोघे ठार झाले. उलट बाजूचे उदाहरणही आहे. चिलीत 27 फेब्रुवारी 2010 च्या भूकंपानंतर कॉन्सेप्सिओन शहरात दुकाने खरोखर लुटली गेली आणि सरकारला संचारबंदी लावून सैन्य उतरवावे लागले.

सांगलीत अविश्वासाचे मोठे कारण म्हणजे पाण्याची माहिती. कोयना धरणातून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) विसर्ग सोडला, खाली कर्नाटकातील अलमट्टी धरणाचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबणारे पाणी, कुठवर येतो, हे प्रश्न दर पावसाळ्यात पेटतात. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीला त्या पुराचे कारण मानले नाही, पण अनेक पूरग्रस्तांना ते आजही पटलेले नाही. अधिकृत आकडा उशिरा आला किंवा आधीच्या आकड्याशी जुळला नाही, तर मधल्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडाच खरा मानला जातो.

आपत्तीनंतरचा पैशाचा गुन्हा पुष्कळदा कागदावर घडतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 52 नुसार खोटा दावा करून मदत लाटणे आणि कलम 53 नुसार मदतीच्या पैशांचा वा सामानाचा अपहार करणे, या दोन्हींस दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपत्तीबद्दल घबराट पसरवणारा खोटा इशारा देणाऱ्यास कलम 54 खाली एक वर्षापर्यंत. कायद्यात न बसणारा अन्यायही लोकांना तितकाच टोचतो. 2019 मध्ये मोफत धान्यासाठी घर दोन दिवसांहून जास्त पाण्यात असण्याची अट होती, तिच्यावर संतापाची लाट उसळली. म्हणूनच तलाठ्याचा पंचनामा घरमालकासमोर आणि शेजाऱ्यांच्या साक्षीने होणे महत्त्वाचे. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली की कोणाचे नाव गळले आणि कोणाचे उगाच घुसले, हे गावाला तासाभरात कळते व हरकत वेळेत घेता येते.