राखीव प्रभागातून निवडून आलात? व्हॅलिडिटीचे सहा महिने निकालाच्या दिवसापासून मोजतात

नगरपरिषदेत सत्ता पालटली की पहिले आठ दिवस हारतुऱ्यांत जातात आणि पुढचे पंधरा उपनगराध्यक्ष कोण, या खलात. राखीव प्रभागातून निवडून आलेल्या नगरसेवकाची फाइल तोवर जात पडताळणी समितीच्या कपाटात पडून असते. समजा, 22 जणांच्या सभागृहात 12 विरुद्ध 10 असं बलाबल आहे आणि त्या बारांतल्या दोघांचं जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे व्हॅलिडिटी, मुदतीत आलं नाही. मग एकही माणूस न फुटता बहुमत जातं. म्हणून ही माहिती उमेदवाराने वाचावीच, पण गटनेत्याने आधी वाचावी.

2025 मध्ये राज्यातल्या 246 नगरपरिषदा आणि 42 नगरपंचायतींसाठी 2 डिसेंबरला मतदान झालं, काही ठिकाणी ते 20 डिसेंबरला गेलं आणि सगळीकडची मोजणी 21 डिसेंबरला झाली. या निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोगाची अट अशी: राखीव जागेवरच्या उमेदवाराने जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र जोडावं. ते नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा चालेल. मात्र निवडून आल्यास निकालापासून सहा महिन्यांच्या आत वैधता सादर करावी लागेल. नाही केली तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द. हिशेब केला तर 21 जून 2026 ही तारीख भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे.

उमेदवारी अर्जासोबतचे बाकी कागद

हे थोडक्यात, कारण यावर छाननीच्या दिवशीच निकाल लागतो. उमेदवाराचं वय किमान 21 हवं आणि त्याचं नाव त्या नगरपरिषदेच्या मतदार यादीत हवं. शहरातल्या कोणत्याही प्रभागातून उभं राहता येतं, पण सूचक त्याच प्रभागातला मतदार लागतो. गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचं शपथपत्र, मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला, अपत्यांचं घोषणापत्र (12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे संख्या दोनच्या वर गेली तर अपात्र), शौचालयाचा दाखला, अनामत रकमेची पावती, खर्चासाठी वेगळं बँक खातं आणि पक्षाचे उमेदवार असाल तर वेळेत पोचलेला एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवारी दिल्याचा कागद). नगरपरिषदेचा ठेका स्वतःच्या किंवा भागीदाराच्या नावावर असेल तर तो आधी मिटवा. अतिक्रमणाचं मात्र निवडून आल्यावरही सुटत नाही: स्वतःचं, जोडीदाराचं किंवा अवलंबितांचं बेकायदा बांधकाम निघालं तर नगरसेवकपद जाऊ शकतं.

दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी

सर्वात जास्त घोळ इथे होतो. जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी देतात. तो हातात आला की काम झालं, असं समजून माणूस प्रचाराला लागतो. वैधता देते ती जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती, आणि ती दाखला मुळापासून तपासते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यांसाठी समिती वेगळी असते. शंका आली तर दक्षता पथक घरी आणि शाळेत जाऊन चौकशी करतं, आणि त्यात महिने जातात.

वैधतेचा अर्ज बार्टी या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा आणि प्रिंट, शपथपत्रं, मूळ कागद घेऊन समितीच्या कार्यालयात जायचं. अर्ज कशासाठी, या रकान्यात ‘निवडणूक’ निवडा. सेतूतल्या पोराने घाईत ‘शिक्षण’ टिचकवलं, तर फाइल विद्यार्थ्यांच्या ढिगात जाऊन बसते. वंशावळीचं शपथपत्र हा या फाइलचा कणा आहे. आजोबा, पणजोबांपासून तुमच्यापर्यंत प्रत्येक पायरीला एकतरी कागद लावा आणि नावांची स्पेलिंगं जुळवून घ्या. दाखल्यावर ‘गणपतराव’, शाळेच्या रजिस्टरला ‘गणपती’ आणि सातबाऱ्यावर ‘गणू’ असेल तर तिन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं शपथपत्र आधीच जोडा. त्रुटीचं पत्र येण्याची वाट पाहू नका. वडिलांकडच्या रक्तनात्यात, म्हणजे सख्खे काका, चुलतभाऊ, आत्या यांच्यापैकी कुणाकडे वैधता असेल तर तीच सर्वात भक्कम बाजू.

निजामकाळातले कागद

मराठवाड्यातल्या उमेदवारांची अडचण वेगळी, कारण हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे शोध अनेकदा उर्दू आणि मोडीत जातो. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा, खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क-पत्रक, 1951 चं राष्ट्रीय रजिस्टर, हक्क नोंदणी हे नेहमीचे कागद. तहसीलच्या अभिलेख कक्षातून प्रमाणित नक्कल घ्या; मोबाइलवर काढलेला फोटो समितीपुढे कामाचा नाही. उर्दू किंवा मोडी उताऱ्यासोबत जाणकाराचं लिप्यंतर आणि भाषांतर लागतं.

जुन्या उताऱ्यांवरचा सन बहुधा फसली, म्हणजे महसुली कालगणनेतला असतो. त्यात साधारण 590 मिळवले की इसवी सन येतो. 1355 फसली म्हणजे 1945-46. हे ठाऊक नसलेला टंकलेखक शपथपत्रात 1355 साल तसंच ठोकून देतो आणि मग वंशावळीत पणजोबा छत्रपती शिवाजी महाराजांच्याही आधी जन्मलेले दिसतात!

2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटसंबंधीच्या (निजाम राज्याच्या जुन्या राजपत्रातल्या नोंदींबाबतच्या) शासन निर्णयानंतर कुणबी दाखल्यांसाठी गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती चौकशी करते. जमिनीचा पुरावा नसेल तर 13 ऑक्टोबर 1967 पूर्वी त्या गावात राहत असल्याचं शपथपत्र घेतात. ही सगळी वाट दाखल्यापर्यंतची. त्या दाखल्यावर ओबीसी प्रभागातून निवडून आलेल्याला वैधतेची परीक्षा इतरांसारखीच द्यावी लागते. माझ्या मते पक्षांनी तिकीट देताना याचा विचार पुरेसा केलेला नाही.

महिला नगरसेविका

निम्म्या जागा महिलांच्या, आणि विवाहित उमेदवाराची जात ठरते माहेरच्या कागदांवर. नवऱ्याची व्हॅलिडिटी इथे उपयोगाची नाही. ज्या जिल्ह्यातून दाखला निघाला त्याच जिल्ह्याच्या समितीकडे प्रकरण चालतं. सासर धाराशिवला आणि दाखला बार्शीचा असेल तर चकरा सोलापूरच्या. लग्नाआधीचं आणि नंतरचं नाव जोडणारा पुरावा, म्हणजे विवाह नोंदणी किंवा राजपत्र, फाइलमध्ये हवाच. देगलूर, बिलोली, उमरगा या पट्ट्यात माहेर कर्नाटक किंवा तेलंगणात असणं नेहमीचं आहे. त्या राज्यातल्या दाखल्यावर महाराष्ट्रात राखीव जागा लढवता येत नाही. आरक्षणाचा लाभ मूळ राज्यापुरताच असतो. अशा वेळी खुल्या प्रभागाचा विचार आधीच केलेला बरा.

मुदत चुकली तर

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2016 मध्ये सांगितलं की ही मुदत बंधनकारक आहे. ती संपली की पद आपोआप जातं आणि नंतर वैधता मिळाली तरी ते परत येत नाही. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केलं. त्या वेळी राज्यभर नगरसेवक अडचणीत आले आणि सरकारने कायदा दुरुस्त करून मुदत 12 महिने केली. त्या आठवणीवर विसंबून बरेच जण निवांत असतात. ते धोक्याचं आहे, कारण या वेळी आयोगाने सहाच महिने दिलेत. समितीचा उशीर होत असेल तर मुदत संपायच्या पुरेसं आधी उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जाऊन समितीला कालमर्यादा घालून घेणं, हा वकिलांचा नेहमीचा मार्ग आहे.

नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडून येतो, त्यामुळे अध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृह दुसऱ्याचं, असं चित्र असू शकतं. तिथे एकेका नगरसेवकाला वजन येतं. अध्यक्षपदही सोडतीने राखीव असेल तर त्यालाही हीच अट. गटनोंदणी जिल्हाधिकाऱ्यांकडे होते आणि 1986 च्या अपात्रता कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्यावर तेच निर्णय देतात. अपक्ष म्हणून निवडून येऊन पुढे पक्षात गेलेलाही त्यात सापडतो. पण व्हॅलिडिटीअभावी गेलेली जागा वाचवायला कोणताही पक्षादेश येत नाही, तिथे पोटनिवडणूकच लागते. आरक्षण 50 टक्क्यांच्या वर गेलेल्या 40 नगरपरिषदा आणि 17 नगरपंचायतींचे निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या अंतिम निर्णयाच्या अधीन ठेवलेले आहेत, हेही तिथल्या गटनेत्यांनी ध्यानात ठेवावं.

शेवटी एक बारीक गोष्ट. मुदत वैधता मिळवण्याची नाही, सादर करण्याची आहे. प्रमाणपत्र हातात आलं त्याच दिवशी निवडणूक निर्णय अधिकारी, जिल्हाधिकारी कार्यालयाची नगरपालिका शाखा आणि मुख्याधिकारी, तिन्हीकडे प्रत द्या आणि प्रत्येक ठिकाणी तारीख-शिक्क्यासह पोच घ्या.