नदीतला नॉर्दर्न पाइक: कुठे शोधावा, कसा धरावा, कसा सोडावा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे पाइक या शिकारी माशासाठी सामान घ्यायला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "कोणता लूर (नकली आमिष) घेऊ?" त्यावर आम्ही उलट विचारतो. नदी केवढी आहे? पाणी चढते आहे की उतरते आहे? गढूळ किती आहे? काठाला वनस्पती आहेत का? लूर विकणे हा आमचा धंदा आहे, तरीही सांगतो की नदीत पाइक मिळतो तो जागा ओळखता आली तर. जागाच चुकली तर पेटीतला सर्वांत चांगला लूरही दिवसभर रिकाम्या पाण्यात फिरत राहतो. म्हणून या पत्रकात सामानाबद्दल थोडे आणि पाण्याबद्दल जास्त लिहिले आहे.

मासा कसा आहे

नॉर्दर्न पाइक, शास्त्रीय नाव एसॉक्स ल्यूशियस, हा उत्तर गोलार्धातल्या गोड्या पाण्याचा शिकारी. आयर्लंडमधली शॅनन, रशियातल्या व्होल्गा आणि ओब, कॅनडातली सस्कॅचवान, अलास्कातली युकॉन या सगळ्या नद्यांमध्ये तो आहे. इतक्या दूरदूरच्या पाण्यांत त्याची वागणूक मात्र बरीचशी सारखीच असते, आणि तिचे मूळ त्याच्या शरीराच्या ठेवणीत आहे.

अंग लांबट, तोंड चपटे आणि पुढे आलेले. पाठीवरचा पर आणि पोटाखालचा मागचा पर दोन्ही अगदी शेपटीजवळ, जवळपास समोरासमोर असतात. त्यामुळे शेपटीच्या एका झटक्यात सगळा जोर मागे मिळतो आणि मासा उभ्या जागेवरून एकदम सुटतो. लांबवर पाठलाग करण्याचा दम मात्र त्याच्यात नाही. तो दबा धरतो, भक्ष्य टप्प्यात येऊ देतो आणि मग झडप घालतो. डोळे डोक्याच्या वरच्या अंगाला असल्याने समोरचे आणि वरचे त्याला छान दिसते. डोक्यावर आणि खालच्या जबड्यावर बारीक छिद्रे असतात, त्यांतून पाण्यातली थरथर त्याला कळते. यातून एक सरळ नियम निघतो: फिरता लूर पाइकच्या बरोबरीने किंवा थोडा वरून न्यावा. त्याच्या पोटाखालून गेलेला लूर बहुतेक वेळा वाया जातो.

उत्तर अमेरिकेतल्या काही नद्यांत पाइकबरोबर त्याचा मोठा भाऊबंद मस्केलंजही असतो आणि दोघांचे नियम वेगळे असतात, म्हणून ओळख पक्की हवी. पाइकच्या गडद हिरव्या अंगावर फिकट, लांबट ठिपके असतात, तर मस्केलंजच्या फिकट अंगावर गडद खुणा. शंका आली तर जबड्याची खालची बाजू पाहा. तिथली छिद्रे एका बाजूला 5 किंवा कमी असतील तर तो पाइक, 6 किंवा जास्त असतील तर मस्केलंज.

मोठा पाइक म्हणजे जवळजवळ नेहमी मादी. नर तेवढे वाढत नाहीत. जागतिक विक्रमाचा पाइक 1986 मध्ये जर्मनीतल्या एका तलावात मिळाला होता, वजन सुमारे 25 किलो. नदीत 10 किलोचा मासा लागला तरी तो दिवस जन्मभर लक्षात राहील.

नदीत त्याला कुठे शोधायचे

तलावातल्या पाइकला पाण्याच्या ओढीशी झगडावे लागत नाही, नदीतल्या पाइकला लागते. ट्राउटसारखा तो धारेत तोंड खुपसून दिवस काढणारा मासा नव्हे. त्याला उभे राहायला संथ पाणी हवे आणि खायला छोटे मासे हवेत. ते छोटे मासे धारेच्या कडेने ये-जा करत असतात. या दोन गोष्टी जिथे जवळजवळ येतात, तिथे पाइक असतो. नदीतली त्याची बहुतेक ठिकाणे या एका वाक्यातून सापडतात.

काठावर पोहोचल्यावर लगेच रॉड (गळाची काठी) जोडू नका. आधी पाण्याचा पृष्ठभाग पाहत उभे राहा. जोरात वाहणारे पाणी आणि शांत पाणी यांच्यामध्ये एक शीव दिसते. तिथे फेस, काटक्या, पाने रेंगाळतात, कधी गोल फिरत राहतात. ही शीव पाइकसाठी उंबरठा असते. तो शांत बाजूला, धारेपासून हात-दोन हात आत, तोंड धारेकडे करून उभा असतो. फेसाची रेघ जिथे काठाकडे वळते, ती जागा आम्ही कधीच सोडत नाही.

अशी शीव कुठे तयार होते? बेटाच्या खालच्या टोकाला. पुलाच्या खांबामागे. पडलेल्या झाडाच्या खालच्या अंगाला. बंधाऱ्याखाली उसळणाऱ्या पाण्याच्या दोन्ही कडांना, जिथे पाणी उलटे फिरते. वळणावर बाहेरच्या बाजूला धार काठ कापत खोल जाते आणि आतल्या बाजूला पाणी संथ राहते. पाइकला पुष्कळदा ही आतली बाजू पसंत असते, आणि तिथे पाणवनस्पती असतील तर नक्कीच. ओढा किंवा उपनदी मिळते ते तोंडही चांगले, कारण अन्न तिथूनच येते आणि छोटे मासे तिथे जमतात.

मुख्य प्रवाहापासून बाजूला गेलेले, एका टोकाला बंद असलेले जुने पात्र असेल, तर पहिला तास तिथे द्या. लव्हाळी, कमळाची पाने, बुडालेले गवत, काहीही चालेल. फक्त वनस्पतींच्या मधोमध लूर फेकू नका, कडेने चालवा. त्या कडेला एखादी खाच असेल, आत घुसलेली छोटी गल्ली असेल, तर तिच्या तोंडाशी पाइक असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

पाण्याची पातळी सगळे बदलते. नदी चढली की मधली धार पाइकला झेपत नाही आणि तो काठाला येतो, कधी इतका जवळ की तुमच्या पायाखालीच असतो. अशा वेळी काठाशी आवाज न करता जा आणि पहिली फेक लांब न टाकता काठालगत टाका. पाणी तपकिरी, दाट गढूळ झाले असेल तर मात्र घरी थांबलेले बरे. पाइक मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो, आणि हातभर खोलीवरचा लूरही दिसेनासा झाला की त्याचे खाणे मंदावते. पूर ओसरू लागला, पाणी उतरता उतरता निवळायला लागले, की ती वेळ सोडू नका. संथ जागी अडकून पडलेला पाइक तेव्हा भुकेला असतो.

उलट, पाणी फार उतरलेले आणि स्वच्छ असेल तर तो डोहात किंवा झाडाच्या सावलीत जातो. तेव्हा पहाटेची आणि सांजेची वेळ साधावी. ढगाळ दिवस असेल तर दुपारही चालते.

ऋतूप्रमाणे

बर्फ वितळल्यावर लगेच, पाणी साधारण 4 ते 11 अंश सेल्सियस असताना, पाइक बुडालेल्या गवतात आणि उथळ बाजूपात्रांत अंडी घालतात. चिकट अंडी गवताला चिकटून राहतात. या काळात मोठ्या माद्या गुडघाभर पाण्यात असतात आणि सहज हाती लागतात. म्हणूनच अनेक ठिकाणी तेव्हा बंदी असते. बंदी नसली तरी आमचा आग्रह आहे की अंड्यांवर आलेल्या मादीच्या मागे लागू नये.

उन्हाळा हा सर्वांत नाजूक काळ. पाइकला गारवा लागतो, आणि मासा जितका मोठा तितका जास्त. तेव्हा तो थंड झऱ्याच्या किंवा उपनदीच्या तोंडाशी, खोल डोहात मिळतो. पण पाणी 20-22 अंशांच्या वर गेले की झुंजीने दमलेला पाइक सोडल्यावरही सावरत नाही, उलटा होऊन वाहत जातो. अशा दिवसांत सोडून देण्यासाठी पाइक धरूच नये, हे आम्ही सामान विकतानाच सांगतो.

शरद ऋतू सर्वांत चांगला. वनस्पती मरू लागतात, छोटे मासे खोल पाण्याकडे सरकतात आणि त्यांच्यामागे पाइक. हिवाळ्यात तो संथ, खोल जागी गोळा होतो. एका डोहात एक सापडला तर तिथेच थांबा, आणखीही असतील.

सामान

रॉड 8 ते 9 फुटांचा, 20 ते 80 ग्रॅमचे लूर फेकू शकेल असा. ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, 30 ते 50 पौंडांचा ताण सोसणारी. नदीत याहून बारीक दोरी वापरण्यात शहाणपणा नाही, कारण मासा धारेत शिरला किंवा झाडात घुसला की त्याला लवकर बाहेर काढावे लागते.

लीडरबाबत, म्हणजे दोरी आणि लूर यांच्यामधल्या तुकड्याबाबत, मात्र आम्ही तडजोड करत नाही. पाइकच्या जबड्यात शेकडो दात असतात. खालच्या जबड्यातले सुळे कापतात, टाळूवरचे आत वळलेले बारीक दात भक्ष्याला बाहेर सरकू देत नाहीत. साधी दोरी त्यांच्यापुढे क्षणभरही टिकत नाही. दोरी कापली की तुमचा लूर जातोच, पण मासा तोंडात तिहेरी गळ घेऊन फिरतो आणि बरेचदा मरतो. म्हणून किमान 30 सेंटीमीटरचा स्टीलच्या तारेचा लीडर हवाच. मृत मासा आमिष म्हणून लावायचा असेल तर आणखी लांब. तारेला गाठी पडल्या, पीळ पडला, एखादा पदर तुटलेला दिसला, की तो लीडर टाकून द्या.

लूरमध्ये सुरुवातीला तीनच पुरे: एक जड स्पून (चमच्याच्या आकाराचा धातूचा लूर), एक मोठा स्पिनरबेट (फिरती पाती लावलेला लूर) आणि हातभराहून कमी लांबीचा रबरी मासा. स्पून धारेच्या शिवेवर, स्पिनरबेट वनस्पतींच्या कडेला, रबरी मासा डोहात. गढूळ पाण्यात भडक आणि थरथरणारे, स्वच्छ पाण्यात चंदेरी किंवा माशासारखे नैसर्गिक रंग. थंड पाण्यात मृत मासा तळाशी ठेवणे सर्वांत फलदायी, कारण तेव्हा पाइक धावायच्या मनःस्थितीत नसतो. मॅकरेल, सार्डिन, हेरिंग चालतात. तिहेरी गळांच्या टोकांजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट करा. सोडवणे कितीतरी सोपे होते.

लूर चालवणे आणि झडप

धारेच्या वरून तिरका फेका, लूर धारेबरोबर खाली येऊ द्या आणि शिवेवरून संथ पाण्यात शिरवा. शिरताना क्षणभर थांबवा. बहुतेक झडपा याच थांब्यावर येतात. पाइक कधी लूरच्या मागोमाग काठापर्यंत येतो आणि नुसता पाहत राहतो. अशा वेळी लूर पाण्याबाहेर काढू नका. रॉडचे टोक पाण्यात घालून लूर एका बाजूला वळवा, मग दुसऱ्या. दिशा बदलताच तो तोंड टाकतो. तरीही आला नाही तर जागा लक्षात ठेवा, तासाभराने दुसरा लूर घेऊन परत या.

पाइक भक्ष्य आडवे पकडतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. लूरवर झडप बसली की लगेच, दोरी ताणलेली असतानाच झटका द्या. मृत माशाच्या आमिषावर दोरी सरकू लागली तरी वाट पाहत बसू नका. उशीर केला की गळ पोटात जातो, आणि तो मासा वाचत नाही.

हाताळणी

पाइक रागीट दिसतो, पण आतून नाजूक असतो. रबरी जाळीचे मोठे लँडिंग नेट, लांब चोचीची पक्कड, तार कापायची कात्री आणि ओली गादी, हे चार नसतील तर पाइकच्या मागे जाऊ नये. मासा शक्यतो पाण्यातच, जाळ्यात ठेवून सोडवा.

बाहेर घ्यावाच लागला तर ओल्या गादीवर ठेवा. हात ओले करा. डाव्या हाताची बोटे हनुवटीजवळून कल्ल्याच्या झाकणाखाली, झाकणाच्या आतल्या भिंतीला चिकटून हळूहळू पुढे सरकवा. बोटे आत वळवू नका, आत लाल कल्ले आहेत, आणि त्यांना ओरखडा गेला तर रक्त थांबत नाही. जबड्याच्या पुढच्या टोकाशी, हनुवटीच्या मधोमध दात नसलेली जागा लागते. तिथे पकड घेऊन डोके किंचित उचलले की तोंड आपोआप उघडते. मग पक्कडीने गळ उलटा फिरवून काढा. आत खोल असेल तर त्याच झाकणाच्या फटीतून पक्कड घाला, किंवा गळच कापा. गळ नवा मिळतो. डोळ्यांच्या खोबणीत बोटे घालून उचलणे आणि जबड्याला धरून उभा लटकवणे, या दोन पद्धती आम्हाला अजिबात मान्य नाहीत.

फोटो एकच, पोटाखाली हात देऊन, आडवा. मग संथ पाण्यात तोंड धारेकडे करून सरळ धरा. त्याने स्वतः शेपटी मारली की सोडा.

नियम

परवाना, बंदीचा काळ आणि मर्यादा जागेजागी वेगळ्या असतात. इंग्लंडच्या नद्यांत 15 मार्च ते 15 जून बंदी असते, आणि ठेवायचाच तर दिवसाला 65 सेंटीमीटरपर्यंतचा एकच पाइक ठेवता येतो. आयर्लंडमध्ये जिवंत मासा आमिष म्हणून वापरण्यास मनाई आहे. जिथे पाइक मूळचा आहे तिथे मोठ्या माद्या सोडाव्यात, कारण पुढची पिढी त्यांच्याकडूनच येते आणि छोट्या पाइकांवर वचकही त्यांचाच असतो. पण दक्षिण-मध्य अलास्का किंवा कोलंबिया नदीच्या खोऱ्यात माणसांनी सोडलेला पाइक स्थानिक सॅमन-ट्राउटच्या पिल्लांवर तुटून पडतो. तिथल्या मत्स्यखात्याच्या सूचना वेगळ्या असतात, आणि त्या निघण्यापूर्वी वाचा. जिवंत पाइक एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणे कुठेही करू नये.

खायला ठेवलाच तर छोटा ठेवा आणि पूर्ण शिजवा. पाइकच्या मांसात पट्टकृमीची पिल्ले असू शकतात, आणि कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातून ती माणसाच्या आतड्यात जातात. पाठीच्या मांसात इंग्रजी वाय अक्षरासारखे काटे असतात, लहान मुलांच्या ताटात वाढण्यापूर्वी ते काढून घ्या.

नदीवरून परतल्यावर जाळे, गादी आणि बूट धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे एका नदीतले जीव दुसरीत जाणार नाहीत. लीडर आम्ही तयार करून देतो. येताना दोरीची जाडी आणि लूरचे वजन सांगा, जुना लीडर असेल तर तोही आणा, पीळ कुठे पडला आहे ते पाहून लांबी ठरवू.