‘ग्रहणी’ की ‘आद्यांत्र’: एका आतड्याच्या नावामागची गोष्ट

जठरालगतच्या, लहान आतड्याच्या पहिल्या भागाला ‘ड्युओडेनम’ म्हणतात. या नावात फक्त ‘बारा’ हा आकडा आहे. इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियातील एका ग्रीक वैद्याने जठरालगतचे आतडे बारा बोटे भरते, असे नोंदवले. ही बोटे आडवी धरायची. बोटाची रुंदी २ सेंमी धरली, तर २४ सेंमी होतात. आजची पाठ्यपुस्तके सुमारे २५ सेंमी सांगतात. बोटांची लांबी मोजू गेलो, तर हेच माप जवळपास एक मीटरवर जाते. अरबी वैद्यकाने हा बाराचा आकडा जपला. १२ व्या शतकात स्पेनमधील तोलेदोमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आले, तेव्हा ‘बारा बोटांचे आतडे’ असे नाव झाले. पुढे वापरात बोटे गळाली. जर्मन भाषेत ती अजून शाबूत आहेत.

मराठीत मात्र या भागाला ‘ग्रहणी’ म्हटले गेले आणि खरा गुंता तिथे झाला. चरकसंहितेत ‘अन्नस्य ग्रहणाद् ग्रहणी मता’ असे आहे: अन्न धरून ठेवते ती ग्रहणी, पाचक अग्नीचे स्थान. सुश्रुतसंहितेत आमाशय (जठर) आणि पक्वाशय (मोठे आतडे) यांच्यामधली पित्तधरा कला म्हणजे ग्रहणी. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस ड्युओडेनममध्येच उतरतो, म्हणून ग्रहणी आणि ड्युओडेनम अशी जोडी जुळवणाऱ्यांचा आधार पोकळ नव्हता. पण कला म्हणजे आवरण, आतड्याचा मोजून कापलेला तुकडा नव्हे. शिवाय न पचलेले अन्न पचेपर्यंत धरून ठेवणे हे काम त्या २५ सेंमींत मावत नाही. ग्रहणी म्हणजे सगळे लहान आतडे, असे मानणारे वैद्य आहेत आणि मला त्यांचे म्हणणे जास्त पटते.

त्यात ग्रहणी हे रोगाचेही नाव. कधी पातळ, कधी घट्ट शौच होणाऱ्याला ‘ग्रहणी झाली’ म्हणतात. अशा माणसाला ‘ग्रहणीत व्रण आहे’ असे सांगितले, तर त्याने अवयव समजायचा की आजार?

‘आद्यांत्र’ या शब्दात असा घोळ होत नाही. आतड्याचा आरंभीचा भाग, एवढेच तो सांगतो. त्यापुढच्या भागाचे ‘रिक्तांत्र’ (जेजुनम) हे नावही मूळ अर्थाला धरून आहे, शवविच्छेदनात तो भाग रिकामा सापडे, म्हणून ग्रीकांनी त्याला ‘उपाशी’ म्हटले होते. तरीही शब्दकोशांत ग्रहणी आणि आद्यांत्र अजून शेजारी-शेजारी, समानार्थी म्हणून छापले जातात.